जायबंदी घोडा

स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलाचा घोडा एकाएकी लंगडू लागला, तर त्याने काय करावे?

घोड्याचा प्रत्येक पाय एकाच बोटावर टेकतो. त्या बोटाचे नख म्हणजेच खूर. पायाच्या खालच्या भागात मांसल स्नायू नसतात. हाडे आणि चिवट कंडराच सारा भार पेलतात. कंडरेला इजा झाली, तर ती भरून यावयास कित्येक महिने लागतात. पुढचा पाय दुखत असला, म्हणजे दुडक्या चालीत तो टेकताच घोडा मान वर उचलतो. असा घोडा आढळल्यास पशुवैद्य त्याला स्पर्धेत उतरू देत नाहीत.

भारतीय घोडेस्वार फवाद मिर्झा यांनी २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत 'सेन्यॉर मेडिकॉट' या घोड्यावर रौप्यपदक मिळविले. पुढे तो घोडा जायबंदी झाला. तेव्हा मिर्झा यांनी दुसऱ्या घोड्यांवर सराव केला. नव्या घोड्याची चाल, त्याचे भय आणि त्याची खोड ओळखल्यावाचून स्वाराचे त्याच्याशी जमत नाही. हे साधून त्यांनी २०१९ साली ऑलिंपिकची पात्रता मिळविली. मेडिकॉटलाही बरे होण्यास अवधी मिळाला. २०२१ साली टोकियो येथे त्याच्याच पाठीवर बसून मिर्झा अंतिम फेरीत पोहोचले.

दुसरा घोडा आणला, म्हणून पहिल्याचे मोल संपत नाही.