सिलिंडर शीर्षाचे द्वारसंस्करण

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडर शीर्षातील (गॅरेजच्या बोलीत ‘हेड’मधील) ज्या मार्गांनी हवा व इंधन यांचे मिश्रण आत येते आणि जळालेला वायू बाहेर पडतो, त्यांस अनुक्रमे आदान द्वार व निष्कास द्वार म्हणतात. या द्वारांचा आकार घासून सुधारणे आणि त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत करणे म्हणजे द्वारसंस्करण होय. एंजिनाची शक्ती मुख्यतः प्रत्येक आवर्तनात सिलिंडरात किती मिश्रण भरले जाते यावर अवलंबून असते. शीर्ष बिडाचे असो वा ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचे, ते ओतीव असल्यामुळे द्वारांत ओतकामाचे कंगोरे, गाभा सरकल्याने आलेला वाकडेपणा आणि यंत्रकाम जेथे संपते तेथील पायऱ्या राहून जातात. हे दोष काढून टाकण्यापासून या कामाची सुरुवात होते.

सामान्य व्यवहारात या कामाला ‘पोर्टिंग व पॉलिशिंग’ म्हणतात. त्यांपैकी दुसऱ्या शब्दाने पुष्कळ गैरसमज निर्माण केला आहे. आदान द्वार आरशासारखे चकचकीत केल्याने प्रवाहात नगण्य फरक पडतो. कार्ब्युरेटर असलेल्या एंजिनात तर किंचित खरबरीत पृष्ठभागच बरा, कारण भिंतीवर साचू पाहणारे पेट्रोल त्यामुळे पुन्हा प्रवाहात मिसळण्यास मदत होते. निष्कास द्वाराला झिलई दिल्यास काजळी कमी धरते, एवढा फायदा मात्र खरा. प्रवाहाला मोठा अडथळा होतो तो झडपेच्या बैठकीलगतच्या थोड्याशा भागात. तेथे द्वार एकदम वळते. वळणाच्या आतील, म्हणजे आखूड बाजूचा धातू अधिक काढला गेला, तर वळण टोकदार होते, वायू भिंतीपासून सुटतो व भोवरे उठतात. द्वार मोठे होऊनही प्रवाह घटतो. द्वार सरसकट रुंद केल्यास कमी फेऱ्यांच्या वेळी वायूचा वेग मंदावतो, सिलिंडर नीट भरत नाही आणि रस्त्यावरील मोटारीची चढावरची ओढ पूर्वीपेक्षाही कमी होते.

या विषयाला अंदाजाकडून मोजमापाकडे नेण्याच्या कार्यात ब्रिटिश अभियंते हॅरी वेस्लेक (१८९७–१९७८) यांचा वाटा मोठा आहे. ऑस्टिन कंपनीच्या १९५१ मधील ए-मालिका एंजिनाची हृदयाच्या आकाराची ज्वलन कोठी त्यांच्याच संकल्पनेतील होती. पुढे १९५९ पासून २००० पर्यंत मिनी मोटारीत वापरल्या गेलेल्या या एंजिनाचे शीर्ष द्वारसंस्करणाचे उत्तम उदाहरण होय. चार सिलिंडरांना मिळून त्यात दोनच आदान द्वारे व तीन निष्कास द्वारे आहेत आणि ती सर्व एकाच बाजूस आहेत. त्यामुळे सुधारणेला वाव भरपूर व जागा अपुरी, अशी स्थिती आहे. झडपा हलविणाऱ्या दांड्यांची भोके आदान द्वारांना लागूनच असल्याने कर्तक थोडा जास्त चालला, तर भिंत फुटून भोक द्वारात उघडते. इंग्लंडमधील डाउंटन येथील डॅनियल रिचमंड यांच्या यंत्रशाळेने अशी सुधारलेली शीर्षे विकून नाव मिळविले. अनेक मालकांनी मात्र तेच काम घरी केले.

घरी करण्याजोगे काम नाही असे नाही. हातात धरावयाचे वेगवान शाणन यंत्र, टंगस्टन कार्बाइडाचे कर्तक व एमरी कागदाच्या गुंडाळ्या एवढ्या साधनांनी कंगोरे काढता येतात आणि द्वाराचे तोंड गॅस्केटवरून आखून मॅनिफोल्डच्या तोंडाशी जुळविता येते. येथे एक बारकावा आहे. प्रवाहाच्या दिशेने जाताना मार्ग किंचित रुंद झाला तर फारसे बिघडत नाही. वाटेत आडवी येणारी कड मात्र प्रवाह मोडते. बैठकीवर ओरखडा उठू नये म्हणून काम चालू असताना जुन्या झडपा जागेवर ठेवतात. ॲल्युमिनियमाचा कीस कर्तकाच्या दात्यांत भरतो, त्यावर रॉकेलाचा थेंब उपयोगी पडतो. डोळ्यांना चष्मा व नाकातोंडावर आच्छादन आवश्यकच असते. शेवटी शीर्ष पुन्हापुन्हा धुतात, कारण उरलेली घर्षक पूड तेलाबरोबर धारव्यांत शिरल्यास एंजिन लवकर झिजते. ज्वलन कोठ्यांचे घनफळ पारदर्शक पट्टी व ब्युरेट यांच्या साहाय्याने घरी मोजता येते, व ते मोजलेच पाहिजे. कोठीतील धातू काढला की संपीडन गुणोत्तर कमी होते आणि कोठ्या असमान झाल्यास सिलिंडरांचे कार्यही असमान होते.

यापुढील काम यंत्रशाळेचे आहे. शीर्षाची सपाटी घासून संपीडन गुणोत्तर पूर्ववत करणे, मोठ्या झडपा बसविणे, झिजलेली गाइडे बदलणे आणि बैठका ३०, ४५ व ६० अंशांच्या तीन कोनांत कापणे यांस अचूक यंत्रे लागतात. कित्येकदा अधिक लाभ द्वार घासण्यापेक्षा बैठकीच्या या कापणीतूनच मिळतो. ए-मालिकेच्या १,२७५ घ.सेंमी. एंजिनाच्या शीर्षात मोठ्या झडपा घातल्यास दोन बैठकांमधील पातळ भाग तडकण्याचा धोका असतो. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाल्यावर जुन्या बिडाच्या शीर्षांत निष्कास झडपेसाठी कठीण पोलादी कडी बसविणे हेही काम वाढले.

व्यावसायिकाचे खरे साधन म्हणजे प्रवाहमापन मंच. ठरावीक दाबांतराखाली (अमेरिकेत सामान्यतः पाण्याच्या २८ इंच, म्हणजे सुमारे ७१ सेंमी. स्तंभाइतक्या) द्वारातून किती हवा जाते हे झडप थोडीथोडी उचलून त्यावर मोजतात. घरी काम करणाऱ्यास धातू कोठून काढावा हे ठाऊक असले, तरी कोठे थांबावे हे या मापनाखेरीज कळत नाही. पाण्याच्या पोकळीपर्यंत छिद्र गेलेले शीर्ष वितळजोडाने दुरुस्त करता येते, पण बिडाच्या बाबतीत ते अवघड व खर्चिक असते. बहुधा दुसरे शीर्षच घ्यावे लागते. त्यामुळे अनुभवी लोक हात बसविण्यासाठी आधी भंगारातील शीर्ष घेतात. यंत्रशाळेची मजुरी जास्त वाटते, परंतु मोजमापाचे आकडे हाती देणारी व न देणारी अशा दोन्ही यंत्रशाळा असतात. केवळ चकाकी दाखविणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या कामापेक्षा मालकाने संयमाने केलेले मर्यादित घासकाम कमी धोक्याचे ठरते. मोटार शर्यतींच्या काही वर्गांत द्वारांना हात लावण्यासच बंदी असते. तेथे ओतकामाचा मूळ पृष्ठभाग शाबूत आहे की नाही हे तपासणारे पाहतात.