पेनाइट : दुर्मिळ खनिजाची पारख आणि मोल

ब्रह्मदेशातील मोगोकचे खोरे माणकांसाठी शतकानुशतके विख्यात आहे, आणि १९५०च्या दशकात आर्थर पेन या ब्रिटिश रत्नसंग्राहकाला मिळालेला तेथील गडद तांबडा स्फटिकही प्रथमदर्शनी माणकासारखाच दिसत होता. १९५४ मध्ये त्याने तो ब्रिटिश म्युझियमला दिला. तेथील तपासणीनंतर १९५७ मध्ये हे नवे खनिज असल्याचे जाहीर झाले आणि त्यास पेनाइट हे नाव मिळाले. त्याची गणना बोरेट गटात होते. म्हणजे त्याच्या घडणीत बोरॉनचा एकेक अणू ऑक्सिजनच्या तीन अणूंशी बांधलेला असून जोडीला कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि झिर्कोनियम ही मूलद्रव्ये असतात. त्यांपैकी झिर्कोनियम पहिल्या विश्लेषणात निसटले होते.

माणिक आणि पेनाइट यांत केवळ रंगावरून फसगत होते असे नाही, तर दोघांचे विशिष्ट गुरुत्वही, म्हणजे पाण्याच्या तुलनेतील जडपणा, चारच्या आसपास असल्याने वजनाची कसोटीही निरुपयोगी ठरते. खरा भेद प्रकाश दाखवतो. स्फटिकात शिरलेला किरण दोन किरणांत विभागतो आणि ते किती वाकतात हे अपवर्तनांकाने मोजले जाते. माणकात हे अंक सुमारे १.७६२ व १.७७० इतके जवळचे, तर पेनाइटमध्ये १.७८७ व १.८१६ असे बरेच दूरचे असतात. गंमत अशी, की रत्नपारख्याच्या नेहमीच्या अपवर्तनमापकाची मजल साधारण १.८१ पर्यंतच असल्याने वरचा अंक त्यावर वाचताच येत नाही. म्हणून लेसरचा झोत टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखणारी रामन वर्णपटाची तपासणी अधिक भरवशाची ठरते.

मोल ठरवणे मात्र याहून अवघड आहे. कित्येक दशके पेनाइटचे जेमतेम दोन-तीन स्फटिक ज्ञात होते, आणि २००५ मध्ये गिनेस बुकाने त्यास जगातील सर्वांत दुर्मिळ खनिज म्हटले. परंतु त्याच सुमारास मोगोक परिसरात त्याचे मूळ साठे सापडले आणि शेकडो तुकडे बाजारात आले. त्यांतील बहुतेक काळपट, चिरा पडलेले, अपारदर्शक आहेत. पैलू पाडण्याजोगा स्वच्छ तुकडा क्वचितच हाती लागतो. दर कॅरटला, म्हणजे २०० मिलिग्रॅमला, हजारो डॉलर असे जे आकडे सर्रास सांगितले जातात, ते फार तर अशा निवडक खड्यांना लागू पडतात. शिवाय माणकाला गिऱ्हाईक सर्वत्र आहे, पेनाइटला ते मोजक्या संग्राहकांतच. तेव्हा विकत घेणाऱ्याने आधी प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे, खडा उजेडात धरून त्याची पारदर्शकता पाहावी, आणि भावाची बोलणी त्यानंतरच करावीत.