अक्षर उरावे म्हणून

शिवथरची घळ महाड-पोलादपूरच्या श्रोत्यांना सांगावी असे नाही. दासबोधाचे लेखन तेथे झाले अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ही घळ पुन्हा लोकांच्या नजरेस आणली. त्याच देवांनी १९०५ साली डोमगावच्या मठातील, कल्याणस्वामींच्या हातच्या पोथीवरून दासबोध छापला आणि वीस दशक, दोनशे समास घरोघर पोचले. मग कोणी विचारील, ग्रंथ छापून झाला, आता त्या जुन्या पोथीचे काय काम?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत सापडते. हा इटालियन चित्रकार आणि यंत्रकल्पक १५१९ साली वारला आणि मागे हजारो पाने ठेवून गेला. तो डावखुरा होता. उजवीकडून डावीकडे, आरशात धरून वाचावे असे तो लिही. त्याच्या पानांवर पाण्याचे भोवरे, दातेरी चाके आणि टिपणे शेजारी शेजारी नांदतात. असा मजकूर खिळे जुळवून छापला तर शब्द हाती येतात. पण काय खोडले, कोणते वाक्य कोणत्या आकृतीला बिलगून आले, हे निसटते. म्हणून पॅरिसमधील वह्या राव्हेसाँ-मोलियाँ यांनी १८८१ ते १८९१ या काळात सहा खंडांत पानांच्या छायाचित्रांसह प्रसिद्ध केल्या. माद्रिदच्या ग्रंथालयात तर दोन वह्या चुकीच्या क्रमांकामुळे हरवल्यासारख्याच होत्या. १९६०च्या दशकात त्या सापडल्या आणि १९७४ साली त्यांची प्रतिकृती आवृत्ती निघाली.

प्रतिकृती आवृत्ती म्हणजे पानाची हुबेहूब प्रत: तेच माप, तोच शाईचा रंग, तेच डाग. तिच्यामुळे मूळ कागदाची हाताळणी कमी होते आणि अभ्यासकाला आपल्या गावी बसून पान पाहता येते.

ही काळजी समर्थांनाही होती. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. पानाच्या भोवती जागा मोकळी सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही, असे ते सांगतात.

पण जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडाले, पोलादपुराकडे दरडी कोसळल्या. अशा पाण्यापुढे समासाची मोकळी जागा काय करणार? म्हणून ज्यांच्या घरी पोथ्या, वह्या, मोडीचे कागद असतील त्यांना आमची विनंती आहे. पावसाळ्यापूर्वी, उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या. कोरी पानेही सोडू नका, क्रम मोडू नका, फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नका. एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा, आणि मूळ कागदही जपा, कारण प्रत ही त्याची सोबतीण आहे, वारस नव्हे. समर्थांनी पानाभोवती सोडायला सांगितलेली ती मोकळी जागा आता आपणच व्हायचे आहे.