ध्वनिवर्धकातील घरघर आणि घोषत्वाचा निर्णय

पाथरी (जि. परभणी) येथील बोलीचे ध्वनिमुद्रण घरी जुळविलेल्या व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकातून ऐकताना आम्हांस ‘प’च्या अवरोधकाळातही घोष असल्याचा भास झाला. तेथे वस्तुतः निःशब्दता हवी. ती यंत्राच्या घरघरीने भरून काढली होती. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंपने सेकंदास सुमारे 100 ते 150. आपली वीज 50 आवर्तनांची, आणि पूर्णतरंगी रेक्टिफायरमधून आल्यावर तिची उरलेली घरघर नेमकी 100 आवर्तनांची. कान फसला यात नवल नाही.

दोषस्थान शोधण्यासाठी आवाजाचे बटण शून्यावर आणावे. घरघर थांबल्यास दोष बटणाच्या अलीकडे, बहुधा आत येणाऱ्या तारेच्या जाळीदार वेष्टनात वा भूमिजोडणीत, असतो. न थांबल्यास सूर पारखावा : 50 आवर्तनांचा खर्ज बहुधा व्हॉल्व्हचे तंतू तापविणाऱ्या तारांचा, 100 आवर्तनांचा असल्यास वीजपुरवठ्यातील गाळणीच्या कंडेन्सरवर प्रथम संशय घ्यावा. जुना झाला की तो आतून सुकतो. (वीज बंद केल्यावरही त्यात शेकडो व्होल्टांचा भार राहू शकतो, तो रोधामार्फत उतरविल्यावाचून हात लावू नये.)

आमचा कंडेन्सर असाच सुकलेला निघाला. तो बदलताच ‘प’ अघोष ऐकू आला; तत्पूर्वीची घोषत्वविषयक टिपणे मात्र आम्हांस रद्द करावी लागली.