शिस्तीची हवा, दंगेखोर हवा

विमान खाली येऊ लागले, तसा पंख घरघरत मागच्या बाजूने उलगडू लागला. खिडकीशी बसलेल्या नातवाने माझा हात घट्ट धरला. ‘‘आजोबा, पंख सुटला!’’

‘‘सुटला नाही रे, पसरला. पक्षीसुद्धा फांदीवर उतरताना पंख असाच पसरतो.’’

वेग कमी झाला की उचल घटते. ती टिकवायला मागचे फ्लॅप आणि पुढच्या कडेच्या पट्ट्या बाहेर येतात. पंख मोठा आणि अधिक वक्र होतो. पण खरा खेळ चालतो तो पंखाला लगटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थरात. १९०४ साली लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने या थराचे महत्त्व दाखवून दिले. पुढच्या कडेपाशी तो शाळेतल्या रांगेसारखा शिस्तीत निघतो. पुढे कुठेतरी रांग मोडते आणि दंगा सुरू होतो.

गंमत अशी, की उतरताना भरवशाची ठरते ती दंगेखोर हवा! पंखाच्या पाठीवरून मागे जाताना दाब वाढत जातो. हवेला जणू चढणच लागते. शिस्तीतला थर तिथे लवकर दमतो आणि पंख सोडतो. दंगेखोर थर वरची वेगवान हवा खाली ओढून घेतो आणि तिच्या जोरावर चिकटून राहतो. पुढच्या पट्ट्यांचे काम ही चढण सौम्य करण्याचे.

ते किती मोलाचे, हे २० नोव्हेंबर १९७४ रोजी नैरोबीत दिसले. एक जंबो जेट उडाले. मागचे फ्लॅप बाहेर होते, पुढच्या पट्ट्या मिटलेल्याच. विमान उंची घेईना, लगेच कोसळले. १५७ पैकी ५९ जण गेले.

रांग नेमकी कुठे मोडते, हे सांगणे अवघड. विंड टनेलमधल्या छोट्या प्रतिकृतीवर एका जागी, खऱ्या पंखावर दुसऱ्याच. म्हणून १९९०च्या दशकात ‘नासा’ने बोइंग ७३७ आकाशात नेऊन, फ्लॅप उघडून मोजमापे घेतली. शिवाय पुढच्या कडेवरून झपाट्याने वेग घेताना दंगेखोर हवा पुन्हा शिस्तीतही येऊ शकते. या उलट्या प्रवासाचा मूलगामी अभ्यास करणाऱ्यांत आपले बंगळूरचे प्रा. रोद्दम नरसिंह होते.

चाके टेकली. पंखावरच्या फळ्या ताडकन उभ्या राहिल्या. आता मात्र हवेने पंख सोडायलाच हवा होता. नातवानेही माझा हात सोडला.