व्यसनमुक्ती केंद्रातील रुग्ण-मूल्यमापन आणि सेवकवर्गाचे प्रशिक्षण

रुग्णाचे प्राथमिक मूल्यमापन हा व्यसनमुक्ती उपचाराचा पाया होय. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी त्यासाठी वापरली जाते. एकूण ४० गुणांपैकी ८ वा अधिक गुण धोकादायक मद्यपानाचे द्योतक मानतात. मात्र प्रश्नावली हाती दिली म्हणजे प्रशिक्षण झाले, असे नव्हे.

बारामती एमआयडीसीतील कामगार 'रोज एक क्वार्टर' असे सांगतो, तेव्हा अप्रशिक्षित सेवक दुसऱ्या प्रश्नापुढे 'एक पेला' नोंदवतो, गुण शून्य. वस्तुतः ४२.८ टक्के तीव्रतेच्या १८० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. दहा ग्रॅमचा एक प्रमाण-पेला धरल्यास हे सहा पेले होतात. सहावा प्रश्न सकाळच्या पिण्याविषयी आहे. परंतु तिसरी पाळी संपवून आलेल्याची सकाळ ही त्याची रात्रच असते. पाळी विचारल्याखेरीज उत्तर नोंदवू नये.

शेवटचे मद्यपान केव्हा झाले, ही नोंद सर्वांत निकडीची. दारू अचानक थांबल्यास साधारणतः ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. ही नोंद राहिल्यास रुग्णाच्या जिवावर बेतते.

१९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात स्थापन केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेले अनेकजण कार्यकर्ते झाले. अशा कार्यकर्त्यांना रुग्णाची भाषा कळते. तथापि स्वतःच्या पिण्याशी तुलना करण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. यासाठी एकाच मुलाखतीची दोघांनी स्वतंत्र नोंद करून ती ताडून पाहावी.