पहारेकऱ्याची भूक

गावी जाण्याआधी तुम्ही बाइक पार्किंगमध्ये लावता, किल्ली काढता, रिमोटचं बटण दाबता. अलार्म एकदा वाजून पोच देतो आणि गाडी झोपली असं आपण धरून चालतो. पण सीटखाली काय चाललंय ठाऊक आहे? तिथली एक चिप रात्रंदिवस तुमच्या रिमोटच्या हाकेकडे कान लावून बसलेली असते. बऱ्याच नव्या अलार्मांत तिच्या जोडीला असतं सिलिकॉनचं एक सूक्ष्म वजन, मायक्रोमीटरमध्ये मोजावं लागेल एवढ्या बारीक स्प्रिंगांवर तरंगत ठेवलेलं. कुणी गाडी स्टँडवरून जरा उचलली, की ते सरकतं आणि भोंगा वाजतो.

एवढी जागरूकता फुकट कशी मिळेल? अलार्म २० मिलिअँपिअर करंट घेतो असं समजा. आकडा क्षुल्लक वाटतो ना? चोवीस तासांचे झाले सुमारे अर्धा अँपिअर-तास. बॅटरी ५ अँपिअर-तासांची असली तर दहा दिवसांत खडखडाट! सेल्फला तर क्षणभर का होईना, कित्येक अँपिअर लागतात, म्हणून तो त्याच्याही आधी मान टाकतो. जिची राखण करायची त्या गाडीच्याच बॅटरीवर हा पहारेकरी पोसला जातो. कुंपणच शेत खातं म्हणतात ते असं.

आणि ती बॅटरी तरी काय अजब चीज आहे! गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये शोधलेली शिसं आणि आम्लाची जोडी आजही लाखो बाइकांत राबते आहे. आत सहा सेल, प्रत्येकाचे जेमतेम २.१ व्होल्ट. करंट देताना धन आणि ऋण, दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट साचत जातं आणि आम्ल पातळ होत जातं. बॅटरी बरेच दिवस उतरलेलीच राहिली की या सल्फेटचे खडे टणक होतात, मग ते सहजी विरघळत नाहीत.

पूर्ण भरलेली बॅटरी विसाव्यात सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. चार्जर तिला १४.४ च्या आसपास दाब देतो. फरक दोन व्होल्टांचाही नाही, पण तेवढ्यानं करंट उलटा वळतो आणि सगळी रासायनिक क्रिया मागे फिरते! सल्फेटचं पुन्हा शिसं आणि लेड डायऑक्साइड होतं, आम्ल पुन्हा तेज होतं. खर्च झालेलं इंधन टाकीत आपसूक परत आल्याचं कधी ऐकलंय?

मग बॅटरी काढून घरात नेऊन चार्ज करावी का? वायर सुटताच कित्येक अलार्म बोंब ठोकतात, कारण त्यांच्या भोंग्यात स्वतःची छोटी बॅटरी असते. वायर मालकानं सोडवली की चोरानं कापली, हे त्याला कसं कळणार? ज्यानं ही शक्यता आधीच हेरून ठेवली, त्याच्या डोक्याला सलाम!

म्हणून बॅटरी जागेवरच ठेवून चार्जर लावणं उत्तम. यात एक सुंदर गोष्ट घडते. बॅटरी भरली की स्मार्ट चार्जर दाब साडेतेरा व्होल्टांच्या आसपास उतरवतो आणि अलार्मची भूक तोच भागवू लागतो. बॅटरीला हातही लागत नाही.

फक्त क्रम पाळा. आधी रिमोटनं अलार्म बंद करा, नाहीतर तुमचाच धक्का लागून तो वाजेल. लाल चिमटा धन टोकाला, मग काळा ऋण टोकाला, आणि शेवटी भिंतीवरचं बटण. काढताना आधी भिंतीवरचं बटण बंद. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, त्याच्याजवळ ठिणगी नको. करंट बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश पुरे, म्हणजे ५ अँपिअर-तासांना अर्धा अँपिअर. गॅरेजमधला ट्रकचा दांडगा चार्जर इथे लावू नका. बॅटरी लिथियमची असेल तर चार्जरही लिथियमचाच हवा.

गाडी वरचेवर उभी राहत असेल, तर मेकॅनिककडून बॅटरीला फ्यूजसह कायमची चार्जिंग वायर बसवून घ्या. पुढच्या वेळी सीटही उघडावी लागणार नाही.